घंटा नसलेलं घर

मूल घरीच शिकतं म्हटल्यावर लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘तुम्हाला सगळे विषय शिकवता येतात का?’ प्रश्न रास्त वाटतो, पण तो भलत्याच जागी बोट ठेवतो. दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत जे शिकवायचं असतं ते बहुतेक मोठ्या माणसांना येत असतं. जे येत नाही ते आदल्या रात्री अर्धा तास वाचून येतं. घोडं पेंड खातं ते दुसरीकडेच. शाळा शिकवण्याखेरीज बरीच कामं गुपचूप उरकत असते. एक विषय संपला, दुसरा सुरू झाला हे घंटा सांगते. त्यासाठी कुणाला कुणाशी भांडावं लागत नाही. चुकलेलं गणित आई पाहत नाही, बाई पाहतात, आणि बाईंसमोर मूल जरा सावरून वागतं. शेजारच्या बाकावरचाही अडलाय हे दिसतं. किती झालं, काय राहिलं याची नोंद कुठेतरी होत राहते. आणि दिवसातले पाच-सहा तास आईबाबांना पालक नसण्याची मुभा मिळते. मूल घरी शिकायला लागलं की ही सगळी कामं न सांगता घरावर येऊन पडतात. त्यातलं कुठलं अंगावर घ्यायचं आणि कुठलं सरळ सोडून द्यायचं, हे ठरवलं नाही तर दोन-तीन महिन्यांत घराचा बोजवारा उडतो आणि दोष मात्र गणिताच्या पुस्तकाला लागतो.

आधी घंटेचं बघू. नवख्या घरांत पहिल्याच आठवड्यात भिंतीवर रंगीत वेळापत्रक लागतं: नऊ ते पावणेदहा गणित, पावणेदहा ते साडेदहा भाषा, वगैरे. ते फार दिवस टिकत नाही. शाळेतली तासिका पस्तीस-चाळीस मिनिटांची असते, कारण तिच्यात हजेरी, वह्या काढणं, वर्गभर मुलांना गप्प बसवणं आणि फळ्यावरचं उतरवून घेणं हे सगळं बसवायचं असतं. समोर एकच मूल असेल तर यातलं बरंचसं गळून पडतं. सहा-सात वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी तास-सव्वातास बैठा अभ्यास पुष्कळ झाला, तोही तुकड्या-तुकड्यांत. नवव्या-दहाव्या वर्षी दोन-अडीच तास. तेराव्या-चौदाव्या वर्षी चारेक तास, आणि त्यातले निम्म्याहून जास्त त्याचे त्याने बसून करायचे. घरच्या शिक्षणावर विचार करणाऱ्या मंडळींत जिचं नाव आजही घेतलं जातं ती इंग्लिश शिक्षिका शार्लट मेसन (१८४२–१९२३) लहान मुलांचे पाठ वीस मिनिटांच्या आत संपवायला सांगत असे. एवढ्याशा वेळात काय होणार, अशी शंका पहिल्यांदा येतेच. पण वीस मिनिटं पूर्ण लक्ष आणि पन्नास मिनिटं अर्धवट लक्ष यांत पहिल्याचंच पारडं जड राहतं. मूल कंटाळल्यावर धडा थांबवला तर पुस्तक बघितलं की कंटाळा आठवतो. म्हणून एखादं गणित बरोबर सुटलेलं असतानाच वही मिटावी, भले पान अर्धं राहो.

धडे घड्याळाला बांधण्यापेक्षा घरात रोज होणाऱ्याच गोष्टींना बांधावेत. नाश्त्याची ताटं उचलून झाली की गणित, दुपारी जेवणानंतर मोठ्याने वाचन, संध्याकाळी दिवे लागले की पाढे. नाश्ता उशिरा झाला तर गणितही उशिरा होतं, पण होतं. नऊचं गणित मात्र साडेनऊला ‘बुडालेलं’ असतं, आणि एक धडा बुडाला की आजचा दिवसच गेला असं मोठ्यांनाच वाटायला लागतं. अशा बांधणीत दिवसात तीनच खुंट्या पुरतात. पाचवी-सहावी ठोकली की त्यातली एखादी रोज निखळते.

जे विषय रोज लागत नाहीत, म्हणजे विज्ञान, इतिहास, भूगोल, चित्रकला, नकाशे, त्यांना वार नेमून दिले की एक गंमत होते: शुक्रवारचा विषय नेहमी मार खातो. पाहुणे शुक्रवारी येतात, दाताच्या डॉक्टरची वेळ शुक्रवारची मिळते, आणि वर्षाअखेरीस कळतं की भूगोल जवळजवळ झालाच नाही. त्यापेक्षा या विषयांची एक यादी करावी आणि मागील पानावरून पुढे चालू ठेवावं. आज विज्ञान झालं, उद्या सगळा दिवस बाहेर गेला, तर परवा इतिहास. काहीच बुडत नाही, फक्त चक्र सावकाश फिरतं. यादीत एखादा विषय जास्त हवा असेल तर त्याचं नाव दोनदा लिहायचं. इतकं साधं आहे, पण भिंतीवरचं वेळापत्रक फाडायला हिंमत लागते खरी.

घरात दोन किंवा तीन मुलं असली की खरी कसोटी लागते. इथे बहुतेकांचा सहज कल असा की आधी मोठ्याला बसवावं, धाकट्याला खेळणी द्यावीत. उलटं करून बघा. पहिली पंधरा मिनिटं पूर्णपणे धाकट्याची: मांडीवर घेऊन गोष्ट, ठोकळे, काहीही, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. पोट भरलेलं धाकटं मूल पुढची वीस-पंचवीस मिनिटं स्वतःशी खेळू शकतं; उपाशी धाकटं दर तीन मिनिटांनी येतं. त्याच्यासाठी एक डबा बाजूला ठेवावा, जो फक्त धड्याच्या वेळीच उघडतो: मोठे मणी आणि जाड दोरी, चिमटे, झाकणांच्या बाटल्या, कागद आणि जाड खडू. मणी घशात जाणार नाहीत एवढे मोठे असावेत. डब्यातल्या वस्तू आठवड्याने बदलाव्यात. हा डबा इतर वेळी मागितला आणि दिला गेला, की त्याची जादू त्याच दिवशी संपली.

मोठ्याला ‘तू तुझं कर’ म्हणून जे काम द्यायचं ते त्याला आधीच बरंचसं येणारं हवं. दहातली आठ-नऊ उदाहरणं विनामदत सुटतील असं. नवीन गोष्ट एकट्याने करायला दिली की तो अडतो, हाक मारतो, आणि मधल्या भावंडाचा धडा मोडतो. मग तिघांवर आवाज चढतो. नवीन ते नेहमी शेजारी बसून आणि सरावाचं काम एकट्याने, एवढं पाळलं तरी सकाळ शांत जाते.

आता बाईंचं काम. घरी मूल आईवडिलांपुढे आब राखत नाही. शाळेत जे रडू घशात अडवलं असतं ते घरी सरळ वहीवर सांडतं. याला शिस्तीचा अभाव म्हणू नये, ती जवळिकीची किंमत आहे. रडण्याआधीच्या खुणा मात्र ओळखता येतात: पेन्सिलीला पुन्हा टोक, पुन्हा पाणी, एकच अंक चार वेळा खोडणं. या खुणा दिसल्या की समजावण्याचा वेग वाढवायचा नसतो. बहुतेकदा एक पायरी खाली काहीतरी हललेलं असतं आणि तिथे जावं लागतं.

हातच्याची वजाबाकी घेऊ. ५२ वजा २७ विचारलं आणि मुलाने ३५ लिहिलं. ‘लक्ष कुठे आहे तुझं?’ हे तोंडावर येतं, पण मुलाचं लक्ष जागेवरच आहे. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातून दोन वजा केले. खात्री करायची असेल तर ८३ वजा ४६ देऊन बघावं. उत्तर ४३ आलं तर ही नजरचूक नव्हे. त्याने स्वतःचा एक नियम बनवला आहे आणि तो तो इमानेइतबारे पाळतो आहे. चुका दर वेळी वेगवेगळ्या असतील तर मूल दमलंय, वही बंद करा. एकसारख्या असतील तर नियम बदलायचा आहे, आणि तो ‘शेजारच्याकडून उसना घे’ हे दहादा सांगून बदलत नाही.

शंभरेक काड्या घ्या. दहा-दहाच्या जुड्या करून रबरबँड लावा. पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या मुलासमोर ठेवा आणि म्हणा, ‘मला सत्तावीस दे.’ तो दोन जुड्या लगेच देतो. मग सात सुट्या हव्यात, आणि आहेत दोनच. इथे मोठ्या माणसाने हात पाठीमागे ठेवायचे. शांतता लांबते, ती लांबू द्यायची. रबरबँड मोठ्यांनी सोडला की सगळं मुसळ केरात; तो मुलाने स्वतः सोडला पाहिजे. सोडला की चार जुड्या आणि बारा सुट्या होतात, त्यातून सात जातात, पाच उरतात. चारातून दोन आधीच गेलेल्या, दोन उरतात. पंचवीस. कागदावर लिहिणं याच्यानंतर: जुडी सोडली की पाचावर काट मारून चार, दोनाच्या जागी बारा. हात काही करतो, मग पेन्सिल तेच लिहिते. हा क्रम उलटला की लिहिणं पुन्हा नुसता मंत्र होऊन बसतो. चार-पाच दिवस काड्या, मग काड्यांऐवजी कागदावर रेघा, मग नुसते अंक. पुढे ४०२ वजा १७८ आलं की पुन्हा अडतं, कारण मधे शून्य आहे आणि शेजाऱ्याकडेच काही नाही. तिथे दहा जुड्यांची एक पिशवी म्हणजे शंभर. पिशवी उघडा, दहा जुड्या बाहेर. त्यातली एक सोडा, नऊ जुड्या उरल्या आणि सुट्या बारा झाल्या. उत्तर २२४. चारशे दोनासाठी चारच्या चार पिशव्या बांधायला चारशे काड्या लागतात, म्हणून तीन पिशव्या ‘शंभर’ लिहिलेल्या चिठ्ठ्यांनी भागवाव्यात आणि एकच खरी ठेवावी.

पाढ्यांबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात आणि मला दोन्ही पटत नाहीत. नुसती घोकंपट्टी केली तर ‘आठ सत्ते किती’ विचारल्यावर मूल आठ एके आठपासून गाडी सुरू करतं. आणि समजलंय ना, मग पाठांतर कशाला, असं म्हटलं तर पुढे भागाकारात प्रत्येक पायरीला त्याचा श्वास लागतो. दहापर्यंतच्या पाढ्यांत शंभर गुणाकार आहेत. पण तीन चोक आणि चार त्रिक एकच, हे धरलं की पंचावन्न उरतात. एक, दोन, पाच आणि दहाचे मुलांना लवकर येतात. ते वगळले की शिल्लक फक्त एकवीस. हा आकडा मुलाला सांगावा. एकवीस कार्डं कापावीत, एका बाजूला ७ × ८, दुसऱ्या बाजूला ५६.

ही कार्डं फिरवायची रीत विज्ञानलेखक सेबास्टियन लाइटनर याने १९७२ मध्ये मांडली आणि ती जगभर वापरली जाते. मुलांसाठी पेटीत तीन कप्पे पुरतात. पहिला रोज, दुसरा एकाआड एक दिवस, तिसरा आठवड्याने. बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की पहिल्यात परत. याच्यामागचं कारण जुनं आहे: जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस याने निरर्थक अक्षरजोड्या स्वतः पाठ करून, विसरायला किती वेळ लागतो हे मोजलं आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केलं. सगळ्यात जास्त गळती पहिल्या काही तासांत होते, आणि मध्ये अंतर ठेवून उजळणी केली की ती कमी होत जाते. घरात नेमकं काय बिघडतं? एकाच दिवशी सगळी एकवीस कार्डं पेटीत टाकली जातात. तीन टाका. ती दुसऱ्या कप्प्यात गेली की आणखी तीन. आणि चुकलेल्या कार्डावर उसासा टाकू नका. मुलं उत्तरापेक्षा उसासा जास्त लक्षात ठेवतात.

घरच्या शिक्षणाची एक लाडकी समजूत अशी की स्वयंपाकघर हीच प्रयोगशाळा. काही अंशी खरं आहे. पाऊण वाटी पीठ मोजायला फक्त पाव वाटीचं माप हाती दिलं, किंवा मापं निम्मी करायला सांगितली, तर अपूर्णांक हातात येतो. पण दर वेळी ‘मग सांग बघू, पाऊणची निम्मी किती?’ सुरू झालं की मूल स्वयंपाकघरात येणंच बंद करतं. महिन्यातून दोनदा गणित काढावं, बाकी वेळा नुसतं पीठ मळू द्यावं.

भाषेचं गाडं वाचनावर चालतं, आणि मोठ्याने वाचून दाखवणं मुलाला स्वतः वाचता यायला लागल्यावरही थांबवू नये. त्याला स्वतःला झेपेल त्याहून अवघड पुस्तक त्यासाठी निवडावं. वाचून झाल्यावर प्रश्नोत्तरांऐवजी ‘काय झालं ते सांग’ एवढंच. ही रीतही मेसनबाईंची: एकदाच वाचायचं, मग मुलाने आपल्या शब्दांत सांगायचं. सहा वर्षांच्या मुलासाठी एक परिच्छेद, हळूहळू एक पान, मग अख्खं प्रकरण. दहाव्या वर्षापासून आठवड्यातून एकदोनदा तेच लिहून. पहिल्याच दिवशी पूर्ण प्रकरण वाचून ‘सांग’ म्हटलं की ‘आठवत नाही’ हेच उत्तर येतं. आणि सांगताना मध्येच दुरुस्ती केली तर पुढच्या वेळी सांगणं दोन वाक्यांत आटोपतं. राहिलेलं शेवटी विचारावं.

लिहिलेलं वाचणार कोण, हाही प्रश्न आहे. शाळेत निदान बाकी मुलं असतात. घरी निबंध आई वाचते, आणि आई काय म्हणणार हे मुलाला आधीच ठाऊक असतं. म्हणून खरा वाचक शोधावा: लांब राहणाऱ्या आजीला पत्र, मावसभावासाठी खेळाचे नियम लिहून देणं, ग्रंथालयात परत करायच्या पुस्तकावर एक चिठ्ठी. मित्रांच्या बाबतीतही ‘जमेल तसं भेटू’ असं ठेवलं की जमत नाही. आठवड्यातला एक दिवस आणि वेळ पक्की, तीच मुलं, तेच मैदान. दर वेळी नवी मुलं भेटली की ओळखी होतात, मैत्री होत नाही.

नोंदी हा सगळ्यांत कंटाळवाणा भाग आणि बहुतेक घरं नेमकी इथेच ढिलाई करतात. काय लागेल हे देशावर ठरतं. जर्मनीत शाळेत जाणंच सक्तीचं आहे. इंग्लंडमध्ये शिक्षण सक्तीचं आहे पण ते शाळेतच हवं असं नाही. अमेरिकेत १९९३पर्यंत सगळ्या राज्यांत घरच्या शिक्षणाला मान्यता मिळाली, पण कुठे नुसतं कळवावं लागतं तर कुठे दरवर्षी काम दाखवावं लागतं. आपल्या जागेचा नियम मूळ कायद्यात वाचावा, ओळखीच्यांच्या सांगण्यावर विसंबू नये. कुणी मागो न मागो, एक साधी वही ठेवावी: तारीख, आणि त्याखाली तीन-चार ओळींत प्रत्यक्षात काय झालं ते. काय करायचं ठरलं होतं ते नाही. दर विषयाचे वर्षातून तीन नमुने फाइलमध्ये: सुरुवातीचा, मधला, शेवटचा. मागे पेन्सिलीने तारीख आणि ‘स्वतः केलं’ की ‘मदत लागली’. सगळंच जपून ठेवायला गेलं की खोकी साचतात आणि नेमका कागद सापडत नाही. या वहीचा दुसरा उपयोग घरातल्यांनाच होतो. फेब्रुवारीत ‘काहीच होत नाहीये’ असं वाटायला लागतं, तेव्हा जूनचं पान उघडून बघता येतं.

पालकांच्या मोकळ्या वेळाचं मात्र शाळेने केलेलं काम घरी सहसा कुणीच उचलत नाही. दुपारी एक तास प्रत्येकाने वेगळ्या जागी, न बोलता: झोपा, वाचा, चित्रं काढा, पण एकटं. चार वर्षांच्या मुलाकडून सुरुवातीला दहा मिनिटंच मिळतात. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवली की तीन महिन्यांत तास गाठतो. या तासात भांडी घासायची नाहीत, उद्याचा धडाही काढायचा नाही. घरात दोन मोठी माणसं असतील तर ‘मदत’ हा शब्दच वाटणीतून काढावा. एकाने सगळं ठरवायचं आणि दुसऱ्याने सांगेल ते करायचं, यात ठरवणाऱ्याचं डोकं कधीच रिकामं होत नाही. त्यापेक्षा एक विषय पूर्णपणे दुसऱ्याचा: पुस्तक निवडण्यापासून वही तपासण्यापर्यंत. आणि तो आपल्या पद्धतीने शिकवत नाही म्हणून मध्ये बोलायचं नाही. हे शेवटचं सर्वांत अवघड.

शाळेतून काढून घरी आणलेल्या मुलाला पहिले काही आठवडे काहीच करायचं नसतं. शाळेच्या प्रत्येक वर्षामागे एक महिना मोकळा द्यावा असा एक ढोबळ हिशोब सांगितला जातो. तो शास्त्र म्हणून धरू नये, पण दिशा बरोबर आहे. या काळात वाचून दाखवणं, बाहेर जाणं, घरकामात हात, एवढं चालू ठेवावं आणि मूल कशाकडे वळतं ते वहीत टिपावं.

उलटा प्रवासही होतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. पुन्हा शाळेत जायचं ठरलं तर ज्ञान क्वचित कमी पडतं. कमी पडतो लिहिण्याचा वेग. तोंडी झरझर सांगणाऱ्या मुलाने चाळीस मिनिटं सलग कधी लिहिलेलंच नसतं. तीन महिने आधीपासून रोज दहा मिनिटं घड्याळ लावून लिहायला लावावं आणि दर पंधरवड्याला पाच मिनिटं वाढवावीत. ज्या वर्गात जायचं त्याच्या मागच्या इयत्तेच्या जुन्या प्रश्नपत्रिका विनामदत सोडवून घ्याव्यात. जे अडलं तेवढंच शिकवायचं, पुस्तक पहिल्या पानापासून काढायचं नाही. प्रश्न न कळल्यावर हात वर करून विचारायची, आपली पाळी येईपर्यंत थांबायची, न आवडलेलं उत्तर ऐकून घ्यायचीही सवय लागते, कारण घरी विचारलं की लगेच उत्तर मिळत असे. आणि पहिल्या महिन्यात संध्याकाळी कुठलाही वर्ग लावू नये. दिवसभर चारचौघांत बसून आलेलं मूल घरी येऊन नुसतं लोळतं, आणि ‘आज काय शिकवलं’ या प्रश्नाला ‘काही नाही’ म्हणतं. रात्री जेवताना ते आपणहून सांगायला लागतं, तेव्हा ऐकावं.